एआयकडून एक्सेलचा हिशोब लावून घेताना : सोसायटीच्या मेंटेनन्सचं उदाहरण

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली 96 सदनिकांची गृहनिर्माण सोसायटी, विचारणारे तिचे नवे खजिनदार. दोन वर्षांच्या मेंटेनन्सच्या नोंदी तीन फाइलींत आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या पद्धतीने ठेवल्या आहेत. सगळं एआय असिस्टंटला देऊन 'नीट टेबल करून दे' असं सांगितलं. टेबल देखणं आलं, पण बेरीज बँकेशी जुळेना. पुन्हा विचारलं तर तिसराच आकडा आला. मग एआय या कामाचा आहे की नाही, आणि असला तर त्याच्याकडून काम करून घ्यायचं कसं?

कामाचा आहे, आणि चांगलाच आहे. छोट्या संस्थांचे, दुकानांचे, शाळांचे हिशोब एक्सेलमध्ये लावून देणं हे माझं रोजचं काम. हल्ली बहुतेक फाइलींत कुठे ना कुठे मी एआयची मदत घेतोच. पण त्याच्याकडे तयार टेबल मागू नका. डेटात काय काय बिघडलंय ते विचारा, ते दुरुस्त करायची रीत विचारा आणि दुरुस्ती एक्सेलकडून किंवा प्रोग्रामकडून होऊ द्या.

यामागचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. उत्तरातच टेबल मागितलं की एआय तुमच्या फाइलीतली प्रत्येक ओळ स्वतः नव्याने लिहून काढतो. पंधरा-वीस ओळी तो बिनचूक लिहील. तुमच्या तर 96 सदनिका, बारा महिने, दोन वर्षं म्हणजे 2304 नोंदी होतात. एवढं लिहिताना मध्येच ओळ गळते, दोन ओळी एक होतात, 2,550 चे 2,500 होतात आणि कुठेही 'चूक झाली' असं लिहून येत नाही. बेरीजही तो तोंडीच करून सांगत असेल तर दर वेळी आकडा बदलणार. तेच काम त्याने छोटा प्रोग्राम लिहून, तो चालवून केलं तर ओळी गळत नाहीत. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय यांना फाइल जोडून दिली की हे करता येतं. फक्त तसं स्पष्ट सांगावं लागतं : 'प्रोग्राम चालवून कर आणि वापरलेला कोड दाखव.' कोड तुम्हाला वाचता आला नाही तरी चालेल. तो खरंच चालवलेला दिसतोय याचा अर्थ बेरीज तोंडी झालेली नाही.

फाइल देण्याआधी दोन कामं करायची. पहिलं म्हणजे मूळ तिन्ही फाइलींच्या प्रती काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना नंतर हातही लावू नका. दुसरं, प्रतींमधून मोबाइल नंबर, ईमेल, आधार क्रमांक, खाते क्रमांक हे कॉलम काढून टाका. शक्य असेल तिथे नावंही काढा. सोसायटीच्या हिशोबाला सदनिका क्रमांक पुरतो. सभासदांनी ही माहिती सोसायटीला दिलेली असते, बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला दिलेली नसते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच जबाबदारीबद्दल आहे. एआयच्या सेटिंगमध्ये तुमचं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय असतो, तोही आधी बघून घ्या.

आता पहिला निरोप. मी साधारण असा लिहितो :

'सोबतच्या फाइलीत सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोंदी आहेत. अजून काहीही बदलू नकोस. प्रोग्राम चालवून प्रत्येक शीटमधल्या ओळी मोज. तारखेच्या कॉलममध्ये किती खऱ्या तारखा आहेत आणि किती नुसता मजकूर आहे ते सांग. रकमेच्या कॉलमचंही तसंच सांग. सदनिका क्रमांक किती वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेत त्याची यादी दे. जिथे शंका असेल तिथे अंदाज करू नकोस, शीटचं नाव आणि ओळ क्रमांक लिहून वेगळी यादी कर.'

यातलं 'अजून काहीही बदलू नकोस' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर एआय मदतीच्या उत्साहात सगळं एकदम साफ करून टाकतो आणि काय होतं, काय झालं याचा माग राहत नाही.

या पाहणीतून जे बाहेर येतं त्यात तारखा बहुतेक वेळा पहिल्या नंबरवर असतात. तुमच्या प्रश्नातलं 'काही पावत्या पुढच्या महिन्यांत गेल्यासारख्या दिसतात' हे वाक्य वाचल्यावर मला त्यांचीच शंका आली. बँकेचं स्टेटमेंट 05/04/2024 असं लिहितं, म्हणजे 5 एप्रिल. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर एक्सेल त्याला 4 मे समजतं आणि गुपचूप तसं बदलून ठेवतं. 18/04/2024 आलं की अठरावा महिना नसतो, म्हणून ते मजकूर म्हणून तसंच राहतं. म्हणजे महिन्याच्या 1 ते 12 तारखेच्या नोंदी चुकीच्या महिन्यात जातात आणि 13 च्या पुढच्या नोंदी तारीखच राहत नाहीत. सोसायटीत तर बहुतेक लोक दहा तारखेच्या आत पैसे भरतात. त्यामुळे बिघाड नेमका जास्तीत जास्त पावत्यांना लागतो.

ही चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. फक्त एप्रिलच्या बँक स्टेटमेंटमधल्या नोंदी काढा आणि तारखा बघा. 4 जानेवारी, 4 फेब्रुवारी, 4 मार्च असा चार तारखेचा रतीब दिसला की समजायचं, दिवस आणि महिना उलटलेत. 10/04 ची पावती 4 ऑक्टोबरला गेलेली असते, म्हणजे एप्रिलच्या फाइलीत ऑक्टोबरची तारीख दिसते. एक्सेल आतून तारीख एका क्रमांकाने साठवतं, 1 एप्रिल 2024 म्हणजे 45383. आत हा क्रमांक असेल तर ती तारीख, नसेल तर नुसती अक्षरं. एआयला हे दोन गट वेगळे करायला सांगा, पण उलटलेल्या तारखा परत सुलट करणं मी शक्यतो टाळतो. बँकेचं स्टेटमेंट पुन्हा डाउनलोड करून, डेटा मेनूतून आयात करताना त्या कॉलमला 'दिवस-महिना-वर्ष' असं सांगितलं की मुळापासून बरोबर येतं. दुरुस्तीच्या दुरुस्तीपेक्षा हे जास्त भरवशाचं.

एक्सेलच्या या सवयीने मोठमोठ्यांना त्रास दिलाय. काही जनुकांची इंग्रजी नावं सप्टेंबर, मार्च या महिन्यांच्या नावांसारखी दिसायची आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2020 मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल होती आणि तिच्यात 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत. दोन्ही ठिकाणी पडद्यावर लाल अक्षरात काही आलं नव्हतं.

रकमांची भानगड वेगळी. कोणी 2500 लिहितो, कोणी '2,500/-', कोणी 'रु. 2500 रोख', आणि मराठी कीबोर्डवर टाइप करणारा '२५००'. यातल्या शेपूट लागलेल्या रकमा एक्सेलसाठी मजकूर असतात. बेरजेचं सूत्र मजकुराला वगळून पुढे जातं, तक्रार करत नाही, आणि बेरीज कमी येते. किती रकमा अशा सुटल्या ते बघायला 'काउंट' आणि 'काउंटए' ही दोन सूत्रं एकाच कॉलमवर लावा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं रिकामं नसलेलं सगळं. दोन्हींत जेवढा फरक, तेवढ्या नोंदी बेरजेत नाहीत (कॉलमचं शीर्षक निवडीत घेऊ नका, नाहीतर एक जास्त येईल).

यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जनरल फॉरमॅटमध्ये 4.12ई+11 असा दिसायला लागतो. तिथपर्यंत ठीक, आत आकडा शाबूत असतो. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली तर तो गेला. पंधरापेक्षा जास्त आकड्यांचा क्रमांक असेल तर पंधराव्याच्या पुढचे आकडे एक्सेल शून्य करून टाकतं आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून असे कॉलम आयात करतानाच 'टेक्स्ट' ठेवायचे.

मराठी नावांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण एआय असो की एक्सेल, इथे दोघेही अडकतात. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. एका कीबोर्डवर त्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर पडतं, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखीच, 'व्हीलुकअप'ला (एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणाऱ्या सूत्राला) मात्र दोन वेगळी माणसं. 'ॲ'चंही तेच. नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस 'ट्रिम' काढतं, पण वेबपेजवरून कॉपी करताना आलेली न तुटणारी स्पेस त्याला निघत नाही. एआयला 'नावं युनिकोडच्या पातळीवर एकसारखी कर' म्हटलं तर जमतं (युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक), पण माझा सल्ला असा की हिशोबात नावावर जुळणी करूच नका. सदनिका क्रमांकावर करा. जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, त्याशिवाय एआयला त्यात निरर्थक अक्षरंच दिसतील.

आणि रंग. आधीच्या खजिनदारांनी चेक परत आलेल्या ओळी लाल केल्या असतील, भाडेकरूंच्या ओळी पिवळ्या. सीएसव्हीत किंवा कॉपी-पेस्टमध्ये रंग जातो आणि त्याबरोबर माहितीही जाते. रंगावर फिल्टर लावून आधी त्याचा 'शेरा' कॉलम करा. मर्ज केलेले सेल सोडवा आणि विंगचं नाव प्रत्येक ओळीत भरा.

एवढं झालं की मग रचना. तुमच्या तिन्ही फाइलींत आडवे बारा महिने आणि उभ्या सदनिका अशी मांडणी दिसते. भिंतीवर लावायला ती छान, साठवायला वाईट. जूनमध्ये एकदम 7,500 भरले, त्यातले एप्रिल-मे-जूनचे किती, हे त्या चौकटीत लिहिताच येत नाही. मग कोणी सेलमध्येच '2500+2500+2500' करतो, कोणी जूनमध्ये 7,500 टाकून मोकळा होतो. साठवणीच्या शीटमध्ये एक पावती म्हणजे एक ओळ ठेवा. कॉलम असे : पावती क्रमांक, मिळाल्याची तारीख, सदनिका, रक्कम, प्रकार, व्यवहार किंवा चेक क्रमांक, कोणत्या महिन्यापासून, कोणत्या महिन्यापर्यंत, शेरा आणि 'मूळ फाइल व ओळ'. हा शेवटचा कॉलम एआयकडून हट्टाने भरून घ्या. उद्या सभासद पावती दाखवून भांडायला आला तर अर्ध्या मिनिटात मूळ नोंद उघडता येते. आडवी बारा महिन्यांची चौकट नंतर पिव्होट टेबलने (एक्सेलचं गोषवारा काढायचं साधन) हवी तेव्हा निघते.

एआयची खरी कमाल बँकेच्या स्टेटमेंटवर दिसते. सभासदाच्या नावाने पैसे येतातच असं नाही. बायकोच्या खात्यातून येतात, मुलाच्या येतात, भाडेकरू परस्पर भरतो, कोणी दुकानाच्या नावाने पाठवतो. स्टेटमेंटच्या तपशिलात नाव अर्धवट कापलेलं असतं, त्याला व्यवहार क्रमांक चिकटलेला असतो. हे सूत्राने सुटत नाही आणि हाताने करायचं तर आठवडे जातात. हेच काम एआय फार चांगलं करतो. त्याला मागायचं ते एवढंच : 'तपशिलातला पैसे भरणाऱ्याचा उल्लेख', 'सदनिका', 'खात्री' असे तीन कॉलम, आणि खात्रीच्या कॉलमात 'नक्की', 'बहुधा', 'माहीत नाही' यांपैकी एक. इथे नावं द्यावी लागतात, मग या कामापुरती फक्त आडनावं, आद्याक्षरं आणि सदनिका क्रमांक द्या आणि स्टेटमेंटमधले खाते क्रमांक आधी काढा.

'बहुधा' आणि 'माहीत नाही'च्या ओळी समितीत बसून वाचा. वॉचमन आणि जुने सेक्रेटरी यांना विचारलं की त्यातल्या बहुतेक सुटतात. तयार झालेली यादी वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि मुख्य शीटमध्ये लुकअप सूत्राने सदनिका क्रमांक ओढा. पुढच्या वर्षी तीच माणसं त्याच खात्यांतून भरणार, म्हणजे तेव्हा हे काम जवळजवळ आयतं मिळतं.

याच टप्प्यावर एक धोका आहे. 'डुप्लिकेट काढून टाक' असं कधीही सांगू नका. एकाच सभासदाच्या दोन सदनिका असतात, तो एकाच दिवशी 2,500-2,500 असे दोनदा पाठवतो. तारीख तीच, नाव तेच, रक्कम तीच. साफसफाईत त्यातली एक ओळ उडते आणि त्या माणसाला थकबाकीची नोटीस जाते. दोन्हींचे व्यवहार क्रमांक वेगळे असतात. म्हणून 'व्यवहार क्रमांकही सारखा असेल अशाच ओळी संशयित म्हणून दाखव, काढू नकोस' असं लिहायचं. रोखीच्या पावत्यांना पावती क्रमांकाचा आधार घ्या.

व्याजाचा निर्णयही एआयवर सोडू नका. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) थकबाकीवर द.सा.द.शे. 21 पर्यंत सरळ व्याज घेता येतं आणि दर सर्वसाधारण सभा ठरवते. तुम्ही नुसतं '21 टक्के व्याज लाव' म्हणालात तर तो दरमहा चक्रवाढ लावू शकतो. 7,500 रुपये तीन महिने थकले तर सरळ व्याज 393 रुपये 75 पैसे होतं, दरमहा चक्रवाढीने 400 रुपये 68 पैसे. फरक सात रुपयांचा दिसतो, पण सभेत उठून विचारणारा सभासद त्या सात रुपयांवरच विचारतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. दर किती, कोणत्या तारखेपासून, आलेली रक्कम आधी व्याजात धरायची की मुद्दलात, भाड्याने दिलेल्या सदनिकेचा बिनवापर आकार (नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस) सेवा आकाराच्या 10 टक्क्यांच्या आत आहे ना, हे सगळं ठराव बघून एका छोट्या 'नियम' शीटमध्ये लिहा. सूत्रं त्या शीटकडे बोट दाखवणारी करून घ्या. दर बदलला की एकच सेल बदलायचा.

मग ताळा. एआयने काहीही केलं, तरी प्रत्येक टप्प्यानंतर तीन आकडे बघायचे आणि ते एक्सेलच्या सूत्राने काढलेले हवेत : ओळींची संख्या आधी किती होती आणि आता किती आहे, रकमेची बेरीज आधी किती होती आणि आता किती, आणि बँकेपुरतं सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च बरोबर अखेरची शिल्लक येते का. शेवटचा आकडा बँकेने स्वतः छापलेला असतो, त्यामुळे तो कोणाच्याही समजुतीवर अवलंबून नाही. सगळी दोन वर्षं एकदम जुळवायला जाऊ नका. महिन्यामहिन्याने जुळवा. एप्रिल जुळला की तो कुलूप लावून ठेवा आणि मे महिन्याला हात घाला. फरक आला तर तो त्या एका महिन्यातच शोधायचा असतो. फरकाला 9 ने नि:शेष भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल तपासा, 2,540 च्या जागी 2,450 पडलेत का. जुने मुनीम हेच करत आले आहेत आणि ते आजही लागू पडतं.

सजावट सगळ्यात शेवटी, आणि ती फार वेळ खात नाही. वरची ओळ गोठवा, छापताना ती प्रत्येक पानावर येईल असं ठेवा, ए-4 आडवं, रुंदीत एक पान. तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकीला कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग द्या. लाख-कोटीचे स्वल्पविराम विंडोजच्या रीजन सेटिंगमधून येतात. सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर सेटिंग वेगळी असेल तर 28,80,000 त्यांना 2,880,000 दिसेल. घाबरायचं कारण नाही, आतला आकडा तोच आहे. मराठी नावांची सीएसव्ही उघडताना अक्षरं विचित्र दिसली तर फाइल डबल क्लिक न करता डेटा मेनूतून यूटीएफ-8 (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) निवडून आयात करा.

तुमच्या हातात वेळ किती ते बघा. वर्षाचे हिशोब 31 मार्चला बंद होतात, लेखापरीक्षण 31 जुलैपर्यंत आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. म्हणून दोनपैकी ताजं वर्ष आधी घ्या. त्याच्या एप्रिलची सुरुवातीची शिल्लक मागच्या तपासलेल्या ताळेबंदातून उचला, तुमच्या फाइलीतून नको. एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याच महिन्याचं पावतीपुस्तक घेऊन वरचा पहिला निरोप पाठवा. जी शंकांची यादी येईल ती, नावं झाकून, इथे लिहा, मग तुमच्या फाइलीत कोणतं सूत्र कुठे बसवायचं ते नेमकं सांगता येईल.